पेटीचा गंधार तंबोऱ्याला का टोचतो, आणि तो किती उतरवायचा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. बेळगावच्या शहापुरात राहणारे एकजण गाणं शिकतात, सा काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी). घरी नवी पेटी (हार्मोनियम) घेतली, मोबाईलवरच्या ट्यूनर ॲपवर एकेक पट्टी तपासली तर काटा बरोबर मधे. पण तंबोरा सुरू करून गंधार दाबला की कानाला टोचतोय. गुरुजी म्हणतात गंधार चढा आहे, पेटीवाला म्हणतो सूर एकदम बरोबर आहेत, मशीन बघा की. खरं कुणाचं, गंधार खाली करून घ्यावा का, की सरळ २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकात बाराऐवजी बावीस बारीक सूर देणारी पेटीच घ्यावी?

दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींशी ताडून बघतायत. ॲप सप्तकाचे सारखे बारा भाग करतंय. एक सप्तक म्हणजे १२०० सेंट, प्रत्येक पट्टीला १०० सेंट, त्या हिशोबाने शुद्ध गंधार ४०० वर बसतो आणि काटा मधे येतो. तंबोरा मात्र हे बारा भाग मानत नाही, त्याच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ सेंटवर असतो. मधलं अंतर १४ सेंट. गुरुजींना जे चढं वाटतंय ते हे १४ सेंट, आणि ते तुम्हालाही ऐकू येतंय म्हणजे कान चांगला तयार होतोय, त्याबद्दल शंका बाळगू नका.

आता हा १४ चा आकडा येतो कुठनं ते नीट बघू, कारण ते एकदा समजलं की पेटीवाल्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. हिशोबाला सोपं पडावं म्हणून सा सेकंदाला २४० कंपनांचा धरतो, जुन्या पुस्तकांत असाच धरतात (तुमची काळी एक साधारण २७७ वर येते, पण गुणोत्तरं तीच राहतात). तंबोऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालची, सा च्या एक सप्तक खालची तार) मग १२० चा झाला. खर्जाची तार छेडली की १२० एकटा येत नाही, त्याच्यासोबत २४०, ३६०, ४८०, ६०० असे दुप्पट तिप्पट चौपट सूर त्याच तारेतून निघतात. त्यातला ६०० म्हणजे तार सप्तकातला गंधार, यालाच आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो मध्य सप्तकात आणला की ३००, म्हणजे सा आणि ग यांचं नातं ४ ला ५. पेटीचा गंधार मात्र ३०२.४ वर वाजतोय, त्याच्या दुपटीचा सूर ६०४.८, तंबोऱ्यातला ६००, दोन्ही एकाच वेळी कानात शिरले की सेकंदाला जवळपास पाच लाटा उठतात. शाळेत विस्पंद म्हणून शिकवतात तेच हे. टोचणं म्हणतो आपण ते म्हणजे ही थरथर.

पंचमाची गोष्ट बघा. खरा पंचम ३६०, पेटीचा ३५९.६. लाटा सेकंदाला एकसुद्धा पुरती होत नाही. म्हणून पेटीच्या पंचमाबद्दल तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही, येतात ते गंधार, धैवत आणि निषाद घेऊन. धैवत १६ सेंट चढा असतो, निषाद १२. आणि पेटीत हे जास्त जाणवतंय याचं कारण असं की पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर एकसारखा उभा राहतो आणि पितळी सुरात (पेटीत आवाज काढणाऱ्या पितळी जिभेलाही सूरच म्हणतात) वरचे उपस्वर, म्हणजे ते दुप्पट-तिप्पट सूर, भरपूर असतात, संतूर किंवा पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो, लाटा मोजायला कानाला वेळच मिळत नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. पेटीला दोष देण्याआधी तंबोऱ्याची जवारी बघा, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीची घासलेली बाजू. जवारी बसलेली असेल, तारेखालचं सूत नीट जागेवर नसेल, तर तारेतून गंधार उमलतच नाही आणि मग चढी पेटीसुद्धा बरी वाटते. मिरजेचा चांगला तंबोरा जवारी काढून आणला की त्याच दिवशी घरातली पेटी बेसूर वाटायला लागते असं कितीतरी जणांचं झालंय, पेटी तीच असते. बॉक्समधल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं मॉडेलप्रमाणे वेगवेगळं असतं, काहींत गंधार स्वच्छ येतो, काहींत नुसता गुंजारव.

आता मुख्य मुद्दा, कॉमा. पेटीचा गंधार नेमका १४ सेंटच का चढा, दहा का नाही, वीस का नाही? यासाठी पंचमा-पंचमाने चालत गंधारापर्यंत जायचं. सा २४०, त्याचा पंचम ३६०. या पंचमाचा पंचम ५४०, तो तार रिषभ, खाली आणला की २७०. रिषभाचा पंचम ४०५, धैवत. धैवताचा पंचम ६०७.५, तार गंधार, खाली आणला की ३०३.७५. चारही पावलं अगदी खऱ्या पंचमाने टाकली, कुठं काही चुकवलं नाही, तरी पोचलो ३०३.७५ वर आणि तंबोरा म्हणतोय ३००. हा जो ३.७५ चा फरक, म्हणजे ८१ ला ८० चं गुणोत्तर, साडेएकवीस सेंट, तो कॉमा. हा कुणाच्या कानाचा किंवा कारागिराचा दोष नाही, तीनच्या पटीने कितीही चाललात तरी पाचच्या पटीवर पाय पडत नाही एवढं साधं गणित आहे.

आपल्याकडे यालाच प्रमाण श्रुती मानतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दोन वीणा सारख्या लावून एकीचा पंचम एक श्रुती उतरवायला सांगितलाय, षड्जग्रामातला पंचम मध्यमग्रामात (या दोन जुन्या स्वरमांडण्या) नेताना जेवढा उतरतो तेवढी ती प्रमाण श्रुती. भरतांनी ८१ आणि ८० असे आकडे दिलेले नाहीत हे लक्षात ठेवा, तो हिशोब नंतरच्या लोकांनी बसवलाय, पण कानाने तो प्रयोग करून बघितला तर फरक याच आसपास येतो आणि मला हे जुळणं पटतं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर तारेवर बघा. मोकळी तार ९० सेंटिमीटर धरा, खाली सरकती घोडी ठेवा (बोटाने दाबू नका, दाबली की तार ताणते आणि सूर चढतो). पंचम येणार ६० वर, तार षड्ज ४५ वर. खरा गंधार ७२ वर. पेटीचा गंधार साधारण ७१.४ वर. आणि पंचमाच्या साखळीने आलेला गंधार ७१.१ वर. म्हणजे ७२ पासून ७१.१ पर्यंत, जवळजवळ नऊ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढी जागा, आणि एवढ्यात गंधाराचं सगळं भांडण मावतंय. विद्यार्थ्यांना मी हे आधी तारेवर दाखवतो मग आकडे सांगतो, एकदा घोडी सरकवताना लाटा हळूहळू मंदावत जाऊन ७२ वर थांबलेल्या ऐकल्या की पुढं समजवायला लागत नाही.

मग पेटीत काय केलंय? तिथं आणखी एक भानगड आहे. बारा पंचम एकामागून एक घेतले तर सात सप्तकं होऊन परत सा वर यायला पाहिजे, पण येत नाही, साडेतेवीस सेंट वर जातं. हा दुसरा कॉमा, पहिल्यासारखाच दिसतो पण वेगळा आहे, बरेचजण दोन्ही एकच समजून हिशोब करतात आणि मग आकडे जुळत नाहीत. समान स्वरांतराच्या, म्हणजे बारा सारख्या भागांच्या पेटीत हे साडेतेवीस सेंट बारा पंचमांत सारखे वाटून टाकलेत, प्रत्येक पंचम दोन सेंटला थोडा कमी असा उतरवलाय. गंधार चार पंचम चालून येतो, म्हणजे चार वेळा दोन, आठ सेंट उतरला. कॉमा होता साडेएकवीस, त्यातले आठ गेले, उरले साधारण १४. हाच तो तुमचा आकडा. म्हणजे पेटीचा गंधार मूळचा पंचमाच्या साखळीचाच गंधार आहे, थोडा घासून खाली आणलेला, तंबोऱ्याच्या गंधाराला तो कधी भेटलेलाच नाही.

युरोपातही हे सुरुवातीपासून असं नव्हतं. तिकडं १६ व्या शतकापासून बराच काळ वाद्यं अशी लावायचे की कॉमाचे चार भाग करून प्रत्येक पंचमातून एकेक भाग काढायचा, त्याने गंधार अगदी खरा ३८६ वर यायचा आणि पंचम पाच सेंटच्या वर उतरायचा. त्यांच्या गाण्यात सूर एकावर एक रचायचे असतात, त्यांना गंधार गोड लागला की पंचम थोडा सैल चालायचा. आपल्याला ते कधीच चालणार नाही, आपल्याकडे पंचम तंबोऱ्यात सतत वाजतोय, तो पाच सेंट हलला तर मैफलच बसणार नाही. त्यामुळं आपल्यापुरतं सा, म, प हे तीन सूर पक्के आणि कॉमाची जागा बाकीच्यांत शोधायची, दुसरा रस्ता नाही.

आणि कॉमा कुठंतरी ठेवावाच लागतो हे पेटी खरी, म्हणजे तंबोऱ्याच्या सुरांना, लावून घ्यायच्या आधी समजून घ्या. मी पेटी एका सा वर लावतो तेव्हा असं करतो: आधी सा चे सगळे सप्तक जुळवायचे, मग पंचम सा शी, मध्यम सा शी, लाटा थांबेपर्यंत. गंधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधाराशी. निषाद पंचमाशी, कारण पंचमाच्या तारेतून त्याचा स्वतःचा गंधार निघतो तो म्हणजे आपला निषाद (१८० ची पाचपट ९००, खाली आणला की ४५०). रिषभ पण पंचमाच्याच तारेतून मिळतो, १८० ची तिप्पट ५४०, म्हणजे २७०. आणि धैवत मध्यमाशी, मध्यमाचा गंधार म्हणून, ४००. पहिली तार मध्यमाला लावली असेल तर हा धैवत तंबोराच सांगतो, पंचमाला असेल तर नाही सांगत, तिथं गवयाला धैवत स्वतः धरावा लागतो आणि म्हणूनच धैवत माणसागणिक आणि रागागणिक इतका हलतो असं माझं मत आहे.

असं सगळं लावून झालं की काळी दोन आणि काळी पाच, म्हणजे तुमचा रिषभ आणि धैवत, एकत्र दाबा. पंचमाचं नातं असायला पाहिजे, २७० ला ४०५. पण धैवत ४०० वर आहे. पूर्ण कॉमा तिथं येऊन बसलाय, तो पंचम ७०२ ऐवजी ६८० सेंटचा झालाय आणि अक्षरशः रडतो. धैवत ४०५ ला नेला तर हे सुधारतं, पण मग मध्यम-धैवत आणि गंधार-धैवत बिघडतं. रिषभ खाली २६६.७ ला आणला तर पंचम-रिषभ बिघडतं. तुम्ही फक्त जागा ठरवू शकता, घालवू शकत नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय ते बघा. काळी एकला खरी लावलेली पेटी, घरात तुम्ही एकटे गाताय तोवर उत्तम. उद्या काळी दोनला गाणारा कुणी आला, तुमचा रिषभ हा त्याचा सा, आणि त्याचा पंचम म्हणजे तुमचा धैवत, तोच रडका. त्याला ती पेटी वापरताच येणार नाही. काळी चारला बाई गाणाऱ्या असतील तर आश्चर्य म्हणजे जवळपास सगळं बसतं, गंधार खरा, पंचम खरा, धैवत खरा, फक्त रिषभ एक कॉमा उतरा लागतो. काळी तीनला पण बरं जमतं, तिथं धैवत एक कॉमा चढा मिळतो, आणि मध्यम खरा हवा असेल तर तुमचा कोमल निषाद आधीच खालच्या जागेवर लावलेला पाहिजे. म्हणजे मध्यमावर किंवा पंचमावर सा सरकवला तर थोडक्यात भागतंय, रिषभावर सरकवला की संपलं. ज्यांच्याकडे क्लास चालतो, सकाळी मुली काळी चारला आणि संध्याकाळी पुरुष पांढरी दोनला, त्यांनी या फंदात पडू नये, समान सुराची पेटीच ठेवावी, फार तर गंधार निम्मा म्हणजे सहा-सात सेंट उतरवून घ्यावा, लाटा निम्म्या होतात आणि बाकी पट्ट्यांचं फारसं बिघडत नाही.

भजनी मंडळाला पण माझा हाच सल्ला असतो. आपल्या भागात, खानापूर घ्या, चिकोडी घ्या, निपाणी घ्या, भजनात एकामागून एक गाणारे उभे राहतात, प्रत्येकाची पट्टी वेगळी, हल्ली जोडीला कीबोर्ड पण असतो आणि कीबोर्ड बारा सारख्या भागांचाच. तिथं एकाच पट्टीत खरी लावलेली पेटी आणली तर पेटी आणि कीबोर्ड यांचंच भांडण लागतं. टाळ-पखवाजात लाटा तशाही ऐकू येत नाहीत, तिथं पेटीचं काम आधाराचं आणि उठावाचं आहे.

ख्यालाच्या साथीचं वेगळं. बेळगावात पेटी म्हटलं की पं. रामभाऊ विजापुरे यांचं नाव आधी निघतं, आणि या भागातल्या चांगल्या साथीदारांचं वादन कान देऊन ऐकलंत तर एक गोष्ट दिसेल. गवई गंधारावर ठेहराव घेतो तेव्हा पेटीचा गंधार दाबून धरत नाहीत. सा आणि पंचम हलके ठेवतात, गंधाराला नुसता स्पर्श करून रिषभावर किंवा पंचमावर सरकतात, भाता मऊ करतात. गवयाचा गंधार तंबोऱ्यात मिसळायला मोकळी जागा सोडतात. पेटी समान सुरांची असली तरी साथ सुरेल होते ती अशी, हे हाताचं शहाणपण आहे आणि सुरावर रेती (कानस) मारून मिळत नाही. उलट नवशिके साथीदार गवई जिथं थांबला तिथंच पट्टी घट्ट धरून बसतात, ठेहरावात तर लाटा सगळ्यात जास्त ऐकू येतात.

आता २२ श्रुतींची पेटी. हा विषय आपल्या शेजारच्या सांगली-मिरजेत शंभर वर्षांपूर्वीच पेटलेला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं, मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यांना गाऊन सूर देत होते, क्लेमेंट्स नावाचे आयसीएस (इंग्रज सरकारच्या मुलकी सेवेतले) अधिकारी यात होते आणि त्या मापाने विलायतेत श्रुतींची पेटी बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून बराच वाद झाला. पुढं १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ नंतर सैल होत गेली, आणि त्यावेळच्या आक्षेपांत हे चढे गंधार-धैवत होतेच, शिवाय मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही ही तक्रार. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली, रागाप्रमाणे सुराची वरची किंवा खालची जागा निवडता येते. काम मोठं आहे आणि कानाने ऐकण्यासारखं आहे.

तरी तुम्ही ती विकत घ्यावी का? शिकत असताना नको असं मी म्हणेन. कारण एक गोष्ट लोक विसरतात, गवई २२ ठरलेल्या टाचण्यांवर पाय ठेवत चालत नाही. १९६३ मध्ये नझीर जयराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन या संशोधकांनी वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे सूर मशीनवर मोजले तेव्हा एकाच मैफलीत एकाच माणसाचा तोच सूर थोडा वर-खाली होत राहतो असं दिसलं. दरबारी रागाचा गंधार घ्या, तो आंदोलित आहे, एका जागेवर उभाच राहत नाही, त्याला २९४ सेंटवर ठेवू की ३१६ वर हा प्रश्नच चुकीचा पडतो. भूप आणि देसकार हे राग, सूर तेच पाच, पण देसकारात धैवत चढा घेतात असं मानतात, आणि गाऊन बघितलं तर मलाही ते पटतं, रिषभाशी पंचम जुळवणारा ४०५ चा धैवत तिथं शोभतो, भूपात गंधाराशी जुळणारा ४०० चा. पण हे गळ्यात आधी यायला पाहिजे. गळ्यात आलेलं नसताना खटका ओढून पेटीने दिलं तर तुम्ही पेटीच्या मागं जाणार, आणि पेटी खरी असली काय खोटी असली काय, रियाजात तिच्या मागं जाणं घातकच.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. रियाज तंबोऱ्यावर करा, पेटी बंद ठेवा. सा वर स्थिर झाल्यावर गंधार वरून खाली आणत लावा, चढ्या बाजूने, लाटा मंदावत थांबतील तिथं राहा. नंतर पेटीचा गंधार एकदा दाबून फरक ऐका आणि सोडून द्या. हे रोज केलंत तर १४ सेंट काय असतात हे आकड्याशिवाय कळेल.

घरातली पेटी तुमच्या एकट्याची असेल, दुसऱ्या पट्टीत कुणी वाजवत नसेल, तर खरी लावून घ्यायला माझी हरकत नाही, उलट घ्याच. पण पेटीवाल्याला "गंधार जरा खाली करा" एवढंच सांगू नका, लिहून द्या. काळी एक सा धरून: काळी दोन ४ सेंट वर, पांढरी चार १४ खाली, काळी तीन २ खाली, काळी चार २ वर, काळी पाच १६ खाली, पांढरी एक १२ खाली. कोमल सुरांत कोमल गंधार (पांढरी तीन) १६ वर नेला की ६ ला ५ चं नातं जुळतं, कोमल धैवत (पांढरी सहा) १४ वर, तीव्र मध्यम (पांढरी पाच) १० खाली. कोमल रिषभ आणि कोमल निषाद मी आधी विचारल्याशिवाय हलवत नाही, भैरव जास्त गाता की तोडी, बागेश्री की काफी, त्यावर ठरतं. तोडीचा रिषभ भैरवापेक्षा खाली लागतो, आणि एका पट्टीत दोन रिषभ मावत नाहीत. ज्यांना ठरवता येत नाही त्यांचे हे दोन सूर आहेत तिथंच ठेवावेत.

ॲप वापरताना आधी संदर्भ सूर असा लावा की तुमचा सा शून्यावर दिसेल, बऱ्याच पेट्या ॲपमधल्या ठरीव ४४० च्या मापाला तंतोतंत नसतात आणि मग सगळेच आकडे सरकतात. भाता मोजताना सारखा आणि मध्यम, जोरात मारला की सूर किंचित उतरतो. आणि सूर बाहेर काढून मोजायचा नाही, पेटीत बसवून, झाकण लावून मोजायचा, बाहेर आणि आत आकडा वेगळा येतो.

खाली उतरवायचं म्हणजे सुराच्या जिभेला मुळाशी, रिव्हेटच्या बाजूला, खरवडायचं, टोकाशी खरवडलं की चढतो. खाली पातळ पत्ती सरकवून आधार देऊनच करायचं, नाहीतर जीभ वाकते आणि सूर फुटतो. एकेकदा दोन-तीन घास, मग पेटीत लावून ऐकायचं, परत काढायचं. १४ सेंट एका बैठकीत ओरबाडून काढणाऱ्याकडे पेटी देऊ नका, पितळ गेलं ते परत येत नाही, आणि वर-खाली वर-खाली करत राहिलं की जीभ पातळ होऊन आवाजच कमकुवत होतो. म्हणून मी नवीन पेटी लगेच हलवत नाही, सहा-आठ महिने वाजू देतो, सूर बसले की मग.

आणि पेटी डबल सुराची असेल, खर्ज-नर, म्हणजे एका पट्टीला खालच्या आणि वरच्या सप्तकाचे दोन सूर, तर दोन्ही सेट उतरवायला सांगा. एकच सेट उतरवला तर गंधार तंबोऱ्याशी जुळेल पण पेटीचे दोन गंधार आपसात लाटा मारत बसतील. उतरवून झाल्यावर एकेक स्टॉप (पुढची ओढायची खुंटी) बंद करून दोन्ही सेट वेगळे तपासा, मग दोन्ही उघडून सा-ग एकत्र दाबा, आणि मग तंबोऱ्यासोबत. पैसे द्यायच्या आधी हे तिथंच दुकानात बसून करा, तंबोऱ्याचं ॲप मोबाईलमध्ये असतंच.